व्यवसायाची स्ट्रॅटेजी: ठरवणं आणि राबवणं

कंपनी असो, कारखाना असो की सहकारी संस्था, पुढच्या तीन-पाच वर्षांत कुठल्या बाजारात उतरायचं, कोणत्या गिऱ्हाइकासाठी काम करायचं, बाकीच्यांपेक्षा वेगळं काय द्यायचं आणि कोणत्या धंद्याला हातच लावायचा नाही हे तिच्या प्रमुखाला ठरवावं लागतं, आणि मग त्याच हिशोबाने पैसा, माणसं आणि स्वतःचा वेळ लावावा लागतो. हे सगळं मिळून व्यवसायाची स्ट्रॅटेजी. बऱ्याच ऑफिसांत टार्गेटलाच स्ट्रॅटेजी म्हणतात, पण "यंदा सेल दुप्पट" हे फक्त टार्गेट झालं, तो कशाच्या जोरावर दुप्पट होणार आणि त्यासाठी काय सोडणार हे ठरल्याशिवाय ते कागदावरच राहतं.

शास्त्र म्हणून हा विषय तसा नवा आहे. इगोर अन्सॉफने १९५७ मध्ये जुना-नवा माल आणि जुना-नवा बाजार अशी चार घरांची मांडणी दिली, आल्फ्रेड चँडलरने १९६२ मध्ये दाखवलं की आधी स्ट्रॅटेजी बदलते आणि कंपनीची रचना तिच्या मागून बदलते, मायकेल पोर्टरने १९७९ मध्ये स्पर्धेच्या पाच शक्ती (आताचे स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी माल, गिऱ्हाईक आणि पुरवठादार) मांडल्या, आणि कॅप्लन-नॉर्टन यांचं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, म्हणजे नुसता पैसाच नाही तर गिऱ्हाईक, कामकाज आणि शिकणं हेही मोजणारा तक्ता, १९९२ चं. व्यवस्थापनाचा अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग म्हणतो की बरीचशी स्ट्रॅटेजी काम करता करता घडत जाते, आणि छोट्या कारखान्यांकडे बघितलं तर ते पटतंच.

नागपूरकरांसाठी याचं सगळ्यात मोठं उदाहरण घरचंच आहे, एम्प्रेस मिल. त्या काळी कापडगिरणी म्हटलं की मुंबई, पण जमशेटजी टाटांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथेच पिकतो, १८६७ पासून रेल्वे आलेली होती, आणि कच्चा माल मुंबईला नेऊन कापड परत इकडे आणण्याचा खर्च वाचत होता. १८७४ मध्ये कंपनी स्थापन झाली, जुम्मा तलावाजवळची (आजचा गांधीसागर) दलदलीची जागा भरून घेतली आणि १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. हा झाला निर्णय, पण खरं शिकण्यासारखं पुढचं आहे. मॅनेजर म्हणून त्यांनी बेझनजी मेहतांना आणलं, रेल्वेत काम केलेला माणूस, कापडाचा अनुभव नाही, पण माणसं आणि कामकाज सांभाळायची कुवत होती, आणि तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबीकडे दिली. सुरुवातीला घेतलेली स्वस्तातली मशिनरी नीट चालेना तेव्हा तिच्यावरच अडून न बसता चांगली मशिनरी आणली, १८८० च्या दशकात रिंग स्पिंडल (सूत कातायचं यंत्र) तेव्हा नवं होतं ते आधी थोड्या प्रमाणात चालवून बघितलं आणि जमतंय म्हटल्यावर वाढवलं. कामगार कामावर टिकत नव्हते, गैरहजेरी भरपूर, त्यावर नुसता दंड न लावता बक्षिसं, पेन्शन फंड अशा सोयी केल्या. म्हणजे जागा, माणूस, मशीन, मजूर, चारही निर्णय एकाच दिशेने ओढत होते, आणि माझ्या मते प्रमुखाचं मुख्य काम ते हेच. पुढे काळ बदलला, १९८६ मध्ये मिल सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली.

आजच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या मालकाला हे कसं लागू होतं ते कूलरच्या धंद्यावरून नीट कळतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मागणी सगळी मार्च ते जून, पण माल बनवायला दिवाळीनंतरच सुरुवात करावी लागते, तेव्हा पत्रा, मोटर, पंप, पॅड यांत वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा धंदा चालवायचा पैसा, अडकतं आणि डीलर पैसे देतो सीझन संपल्यावर. अशा मालकाने जर ठरवलं की घरगुती स्वस्त कूलरच्या मारामारीत न पडता लॉन, मंगल कार्यालयं आणि कारखान्यांसाठी मोठे डक्ट कूलरच (पत्र्याच्या नळीतून गार हवा सोडणारे) करायचे, तर त्याला डीलरपेक्षा सर्व्हिसची पोरं जास्त लागतील, डिझाईनचा माणूस लागेल, उधारीचा हिशोब वेगळा बसेल, आणि जुन्या डीलरने "थोडे घरगुती पण द्या ना भाऊ" म्हटलं तर नाही म्हणावं लागेल. इथेच बहुतेक प्लॅन फसतात, कारण नाही म्हणणं जड जातं आणि मग दोन्ही धंदे अर्धे अर्धे चालून राहतात.

राबवताना पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख, "सगळे मिळून बघू" म्हटलं की कोणीच बघत नाही. दुसरी, बजेट. प्लॅनमध्ये नवीन माल आणि बजेटमध्ये गेल्या वर्षीचेच आकडे पाच टक्के वाढवून, असं असेल तर लोक बजेटवरच विश्वास ठेवतात. तिसरी, इन्सेंटिव्ह: प्रमुखाला मार्जिन हवंय आणि सेल्सवाल्याला कमिशन मिळतंय नगावर, तर तो डिस्काउंट देऊन माल काढणारच, त्यात त्याची चूक नाही. आणि रिव्ह्यू दर महिन्याला, मोजक्या आकड्यांवर, ज्यात वाईट बातमी आधी सांगणाऱ्याला ओरडा बसत नाही.

नागपुरात बरेच धंदे घरचे आहेत, म्हणून इथे आणखी एक भाग येतो, तो म्हणजे काका, बाबा आणि पुढच्या पिढीत कोण काय ठरवणार हे स्पष्ट असणं. हल्दीरामच्या कुटुंबात नागपूर आणि दिल्ली असे वेगवेगळे व्यवसाय अनेक वर्षं चालले, नंतर दोन्हीकडचा पॅकबंद खाद्यपदार्थांचा व्यवसाय एका कंपनीत आणायचं ठरलं आणि २०२३ मध्ये स्पर्धा आयोगाने त्याला मंजुरी दिली. छोट्या घरात एवढी मोठी गोष्ट नसते, पण मोठी खरेदी कोणाच्या सहीने, नवीन शहरात दुकान कोणाच्या होकाराने, उधारीची मर्यादा कोण वाढवणार, हे तिघांनी बसून लिहून ठेवलं नसेल तर डीलर ज्याच्याकडून हो मिळेल त्यालाच फोन करतो.