भात शिजवणे (ठाणे–नवी मुंबई)

तांदळाच्या दाण्यात पाणी आणि उष्णता मुरवून तो गाभ्यापर्यंत मऊ करण्याची घरगुती क्रिया. मराठीत शेतात डोलतो तोही भात आणि ताटात वाढतात तोही भात. मधल्या काळात, गिरणीतून निघाल्यापासून टोपात पडेपर्यंत, तेवढा तो तांदूळ. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरच्या आगरी-कोळी गावांत हे दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यातले. १९७० साली सिडको हे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि खाडीपलीकडे शहर उभे राहू लागले, त्याआधी घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात भातखाचरे होती. आता इथल्या घरात तांदूळ येतो तो वाशीच्या बाजार समितीतल्या दाणा बाजारातून, ठाण्यात जांभळी नाक्यावरून, किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून.

रोजच्या वरणभातासाठी बहुतेक घरांत कोलम वापरतात. त्यातला वाडा कोलम, ज्याला झिणी असेही म्हणतात, तो वाडा तालुक्यातला. हा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र पाटीवर ‘कोलम’ लिहिलेले प्रत्येक पोते वाड्याचे नसते. मावळाकडचा इंद्रायणी सुवासिक आणि चिकटसर, आंबेमोहोराचा दाणा आखूड आणि भात मऊ. बासमती पाहुणे आले की निघतो. कोकणातून आलेल्या घरांत उकडा तांदूळ लागतोच. तो सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडून साल काढलेला असल्याने शिजायला वेळ आणि पाणी दोन्ही जास्त घेतो. त्याची पेज मात्र दुसऱ्या कशाची होत नाही.

वाण्याला विचारायचा खरा प्रश्न नावाचा नव्हे, तांदूळ नवा की जुना हा आहे. खरिपाचे भात दिवाळीच्या आगेमागे कापले जाते. नव्या दाण्यात ओल अधिक असते, तो पटकन मऊ पडतो आणि एकमेकांना चिकटतो. वर्षभर मुरलेला जुना दाणा पाणी जास्त पितो, फुलतो आणि सुटा राहतो. म्हणूनच दरवर्षी थंडीत, नवे पोते फोडले की, कालपर्यंत मोकळा होणारा भात त्याच वाटीच्या मापाने एकाएकी गिच्च होतो. दोष हाताचा नसतो. पाव वाटी पाणी कमी केले की काम भागते.

एका वाटीला दोन वाट्या पाणी, हे माप सगळ्यांना पाठ असते. ते अर्धेच खरे आहे. टोपातले पाणी दोन वाटांनी जाते: एक हिस्सा दाणे पितात, दुसरा वाफ होऊन उडतो. पहिला हिस्सा तांदळाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा टोपाचे तोंड, झाकण, आच आणि वेळ यांवर ठरतो. तांदूळ चौपट केला म्हणून तो चौपट होत नाही. त्यामुळे एका वाटीला दोन वाट्या पाण्यात उत्तम होणारा भात, गणपतीत घर भरलेले असताना चार वाट्यांना आठ वाट्या घातल्या की हमखास आसट होतो. कुकरच्या झाकलेल्या डब्यात पाणी जवळजवळ उडतच नाही, म्हणून तिथे उघड्या टोपापेक्षा कमी लागते. तांदळावर बोटाचे एक पेर पाणी ठेवण्याची जुनी रीत अनेकांना अडाणी वाटते. पण एकाच भांड्यात रोज शिजवणाऱ्याला ती वाटीपेक्षा अधिक साथ देते.

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी, चोळून न काढता, बोटे फिरवून धुवावेत. दाणे एकमेकांवर घासून सुटलेला पिठूळपणा धुपून जातो आणि भात कमी चिकटतो. रेशनच्या पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदळात शंभर दाण्यांमागे एखादा वेगळ्या रंगाचा दाणा दिसतो, कधी तो पाण्यावर तरंगतो. ते प्लास्टिक नव्हे. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून तयार केलेला तो पोषक दाणा आहे, त्याला वेचून टाकू नये. धुतल्यावर वीस मिनिटे भिजू दिल्यास पाणी गाभ्यापर्यंत आधीच पोहोचते. तांदळातला स्टार्च वाणानुसार साधारण ५५ ते ७९ अंश सेल्सिअसला फुगून मऊ होतो. तोवर आत पाणी पोहोचले नसेल तर बाहेरून दाणा फुटतो आणि मध्ये कणी राहते.

टोपात करायचा तर आधण उकळल्यावर तांदूळ वैरावेत. वरचे पाणी दिसेनासे झाले आणि भातावर वाफेची बारीक भोके पडली की आच अगदी मंद करून झाकण घट्ट बसवावे. टोपाखाली तवा सरकवला तर भात लागत नाही. आठ-दहा मिनिटांनी गॅस बंद करावा आणि आणखी दहा मिनिटे झाकण उचलू नये. बहुतेक भात याच दहा मिनिटांत बिघडतात, कारण सगळ्यांना घाई असते. या वेळात तळाची ओल वर चढते, दाण्याभोवतीची दाण्यात जिरते, आणि मऊ, नाजूक झालेले शीत घट्ट होते. लगेच ढवळले तर ते मोडते.

कुकरमध्ये आतले पाणी १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून वेळ वाचतो. शिट्टी उचलून वाफ सोडली तर डब्यातले पाणी एकदम उसळते, वर चिकट पेज येते आणि वरणाच्या डब्यातही सांडते. प्रेशर आपोआप उतरू देणे हेच कुकरमधले मुरवणे.

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण शीत कुठले घ्यायचे ते महत्त्वाचे. तळाचा दाणा आधी शिजतो. कणी राहते ती वरच्या थरात, मध्यभागी. तिथले शीत अंगठा आणि तर्जनीत चेपावे. सपाट होऊन पसरले तर झाले. मध्ये पांढरा, खरखरीत टिपका बोटाला लागला तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून पाच मिनिटे पुन्हा वाफ द्यावी. खाली लागलाच, तर न ढवळता वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा. करपट वास खालीच राहतो.

उन्हाळ्यात घोडबंदर रोडवरच्या अनेक सोसायट्यांत टँकर येतात. ते पाणी बोअरचे, क्षारयुक्त असले की पांढराशुभ्र कोलमही पिवळट दिसतो. आधणात लिंबाचे चार थेंब टाकले की रंग परत येतो.

उरलेला भात इथल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तासा-दीड तासात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळपर्यंत स्टार्च आवळून दाणे कडक आणि सुटे होतात. फोडणीच्या भाताला तेच हवे असतात. ताज्या गरम भाताला कितीही चांगली फोडणी दिली तरी त्याचा गोळा होतो.