इटलीत ‘गोवा’ नावाची गाडी का आली?

महिंद्राची ‘स्कॉर्पिओ’ २००२ साली आपल्याकडे आली आणि पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत लग्नाच्या वऱ्हाडात, पुढाऱ्यांच्या ताफ्यात सगळीकडे दिसू लागली. नाशिकला बनणारी हीच गाडी पुढे इटलीत विकायला गेली, तेव्हा तिचं नाव ‘गोवा’ ठेवण्यात आलं. किनाऱ्यावरच्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल, पण आपलं मूळ नाव तिथे वापरण्यात एक अडचण होती. फोर्डने युरोपात १९८५ ते १९९८ या काळात ‘स्कॉर्पिओ’ नावाची मोटार विकली होती. त्या बाजारात ते नाव आधीच दुसऱ्याचं झालेलं होतं.

व्यापारचिन्हाचा हक्क देशापुरता असतो, हे यामागचं मूळ कारण. भारतात नोंदवलेलं नाव दुसऱ्या देशात पुन्हा नोंदवावं लागतं. वाहनांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बारावा वर्ग आहे. त्यात कुणी आधीच ते नाव घेऊन बसलं असेल, तर नंतर येणाऱ्याला दुसरं शोधावं लागतं. रॉयल एनफील्डची ‘इंटरसेप्टर’ अमेरिकेत ‘आयएनटी ६५०’ म्हणून विकली जाते, कारण तिथे ते नाव होंडाकडे आहे.

आधीच्या पिढीत हा प्रवास उलट्या दिशेने व्हायचा. आराखडा परदेशी आणि नाव आपलं, अशी पद्धत होती. ‘व्हेस्पा’ स्कूटर बनवणाऱ्या इटलीच्या पिआजिओशी असलेला बजाजचा करार १९७१ मध्ये संपला आणि बजाजने १९७२ मध्ये त्याच आराखड्यावरची ‘चेतक’ आणली. फियाटची ११०० आपल्याकडे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली ती हीच.

कोकणाने सगळ्यात जवळून पाहिलेलं उदाहरण मात्र ‘क्वालिस’चं. टोयोटाने ती २००० साली इथे आणली आणि २००५ मध्ये बंद करून ‘इनोव्हा’ आणली. एवढ्या थोड्या वर्षांत तिने चाकरमान्यांच्या मनात घर केलं. गणपतीला लालबाग-परळहून निघायचं, टपावर बोजे बांधायचे, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पोरंबाळं कोंबायची आणि कशेडीचा घाट उतरायचा. ही गाडी इंडोनेशियात ‘किजांग’, मलेशियात ‘उन्सर’, फिलिपिन्समध्ये ‘रेवो’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘काँडोर’ होती. जपानमध्ये टोयोटाचीच ‘मार्क टू क्वालिस’ होती, पण ती निराळी स्टेशन वॅगन. म्हणजे नाव जुळलं तरी गाडी जुळेलच असं नाही, आणि मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

खेड, दापोली, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात नोकरीला आहेत. तिथे ते ‘अ‍ॅक्सेंट’ चालवतात आणि सुट्टीवर आले की शेजारच्या दारात तीच ‘व्हर्ना’ उभी दिसते. आपल्याकडे ह्युंदाईची जुनी ‘अ‍ॅक्सेंट’ विक्रीला होतीच, म्हणून २००६ मध्ये आलेल्या नव्या पिढीला वेगळं नाव दिलं गेलं. केपटाऊनला स्थायिक झालेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांना आपली ‘बलेनो’ तिथे टोयोटा ‘स्टार्लेट’ म्हणून भेटते. तिचं कारण आणखी वेगळं आहे. सुझुकी आणि टोयोटा यांनी एकमेकांच्या गाड्या आपापल्या बिल्ल्याखाली विकायचं ठरवलं. भारतातही तीच गाडी टोयोटाच्या दुकानात ‘ग्लान्झा’ म्हणून मिळते.

हा इतिहास माहीत नसला की नुकसान ग्राहकाचं होतं. आखातातून भावाने एखादा सुटा भाग पाठवायचा म्हटलं की आपण फोनवर गाडीचं नाव सांगतो आणि मोकळे होतो. तिथलं नाव वेगळं निघतं, किंवा नाव तेच पण इंजिन दुसरं. तिथल्या गाड्यांना स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे हेडलाइट आणि वायपरसुद्धा वेगळे येतात. जाणता मिस्त्री म्हणूनच आधी चेसिस नंबर मागतो आणि मग जुना भाग पुसून त्यावरचा पार्ट नंबर वाचतो. आरसी बुकाचा फोटो आणि त्या पार्ट नंबरचा फोटो, हे दोन्ही पाठवल्याशिवाय तिकडून काहीही मागवू नका.