डीपीची गुणगुण

मे महिन्यात रात्री अकराला गल्लीतल्या डीपीजवळ, म्हणजे विजेच्या रोहित्राजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ), क्षणभर थांबून ऐका. ती गुणगुण उगाच नसते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. प्रत्येक आवर्तनात रोहित्राच्या आतला लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून आवाज सेकंदाला शंभर कंपनांचा. आणि हाच सूर गुवाहाटीत, हाच कन्याकुमारीत! ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाला जोडलं गेलं, आणि तेव्हापासून देशभरातली वीज तयार करणारी मोठी जनित्रं एकाच तालात फिरतात.

हा ताल सांभाळणं हेच खरं काम. ग्रीडमध्ये वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. मागणी वाढली की जनित्रं जड होतात, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागल्यावर होतो तशी. वेग उतरतो, ५०चे ४९.८ होतात. फारच उतरला तर जनित्रं स्वतःला वाचवायला बाहेर पडतात, आणि उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो. जुलै २०१२मध्ये ३० आणि ३१ तारखेला, लागोपाठ दोन दिवस, बिना-ग्वाल्हेर वाहिनी अतिभाराने बंद पडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही एकामागून एक बंद पडल्या. दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींहून जास्त लोक अंधारात गेले.

आता ताण वेगळ्या वेळी येतो. ३० मे २०२४ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली, तरी दुपारी सौर वीज हाताशी असते. खरी कसोटी सूर्य कलल्यावर. पंखे, एसी चालूच, घरोघरी दिवे लागतात आणि सौर वीज तासा-दोन तासांत शून्यावर येते. शिवाय सौर पॅनेलमध्ये फिरणारं जड चाक नसतं, त्यामुळे धक्का बसला तर वेग सावरून धरणारं वजन ग्रीडमध्ये कमी पडतं. म्हणून मला कोयनेसारखा जलविद्युत प्रकल्प आज पूर्वीपेक्षा मोलाचा वाटतो. पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. कोळशाच्या थंड संचाला त्यासाठी कित्येक तास लागतात.

पण आपल्या घरची लाइट बहुधा ग्रीडमुळे जात नाही. ती त्या डीपीपाशी जाते. तिच्यातलं तेल पूर्वी रात्री निवायचं. आता रात्रभर एसी चालतात, ते निवतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे लाइनमनने रात्री दीडला फ्यूज टाकला. लाइट आली, सगळीकडून ‘आली, आली’ झालं, आणि मिनिटभरात पुन्हा गेली. तापलेल्या खोल्यांतले सगळे एसी आणि फ्रिज एकदम सुरू झाले होते. दुसऱ्या खेपेला तो खालूनच ओरडला, “एसी बंद ठेवा, दहा मिनिटांनी एकेक लावा!” लोकांनी ऐकलं. त्यानंतर सकाळपर्यंत लाइट टिकली.