नव्या धंद्यातली गाडी आणि मशीन : आयकरात घसारा कसा घ्यायचा?

‘घसाऱ्याचा अर्ज कुठे मिळतो?’ असं विचारत दरवर्षी कुणी ना कुणी येतंच. नुकताच धंदा सुरू केलेला असतो, दारात छोटा हत्ती उभा असतो किंवा शिलाईची पाच मशीनं बसवलेली असतात, आणि गाडीवर, मशीनवर टॅक्समध्ये सूट मिळते असं कुणीतरी सांगितलेलं असतं. सूट मिळते हे खरं आहे. वापराने वस्तूची किंमत दरवर्षी घटते असं कायदा धरतो आणि तेवढी रक्कम नफ्यातून वजा करू देतो, तोच घसारा. पण तिच्यासाठी वेगळा अर्ज नाही, फी नाही, कुठल्या कचेरीचा शिक्काही लागत नाही. ती आपल्या वार्षिक विवरणपत्रातच मागायची असते. त्यामुळे ‘घसारा मंजूर करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

मोठी अडचण वेगळीच आहे. किती घसारा मिळणार हे बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. बिल कुणाच्या नावावर फाटलं, पैसे रोख दिले की बँकेतून, मशीन चालू कधी झालं, या गोष्टी नंतर दुरुस्त होत नाहीत. म्हणून गाडी-मशीन घेण्याआधी हे वाचलंत तर जास्त फायदा.

खाली दिलेली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र त्याच कायद्याने भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे पुढच्या वर्षी क्रमांक जुळले नाहीत तर गोंधळू नका.

पात्र कोण?

कलम ३२ च्या तीन अटी आहेत : वस्तू तुमच्या मालकीची हवी, ती धंद्यासाठी वापरलेली हवी आणि त्याच वर्षात वापर सुरू झालेला हवा. कर्जावर घेतलेली गाडीही तुमचीच धरली जाते. हप्ते फिटायची वाट बघायची गरज नाही, पूर्ण किमतीवर पहिल्याच वर्षापासून घसारा मिळतो. मात्र एमएच-१३ ची, म्हणजे सोलापूरच्या गाडीची, आरसी वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर आणि धंदा तुमच्या नावावर, असं करू नका. घरात ते चालतं, पण विवरणपत्रात मालकी सिद्ध करत बसावं लागतं.

आता आधीच ठरवायची गोष्ट. नफा ठोक पद्धतीने दाखवणार की हिशोबाच्या वह्या ठेवून? कलम ४४एडी खाली २ कोटींपर्यंत उलाढाल असलेला छोटा धंदेवाला उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा दाखवून मोकळा होतो. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटी होते. पण त्या टक्केवारीत घसारा धरलेलाच असतो, वेगळा मागता येत नाही. उलट कागदावर वस्तूची किंमत घसारा घेतल्यासारखी दरवर्षी घटत जाते. एकदा ४४एडी धरून पुढच्या पाच वर्षांत सोडलं, तर त्यानंतर पाच वर्षं ते परत मिळत नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासाठी ४४एडीए आहे. तिथे निम्मी रक्कम नफा धरतात आणि घसारा त्यातच येतो.

माझं मत सांगतो. पहिल्या वर्षी मोठी खरेदी झाली असेल आणि धंद्याचा जम बसला नसेल, तर नियमित वह्या ठेवा. धंद्यातला तोटा मुदतीत विवरणपत्र भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो, आणि नफा कमी पडल्याने न वापरला गेलेला घसारा कितीही वर्षं. नव्या कर रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला यंदा कर शून्यच आहे, मग घसारा कशाला, असंही विचारलं जातं. पण वह्या ठेवणाऱ्याला घसारा ऐच्छिक नाही. तुम्ही मागितला नाहीत तरी तो धरलाच जातो. शिवाय उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) मशीनमधली गुंतवणूक विवरणपत्रातूनच उचलली जाते, आणि बँकही पुढचं कर्ज देताना तेच कागद बघते.

दर किती?

साधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के. शिलाई मशीन, यंत्रमाग, कडक भाकरीचं मशीन, मोबाइल सगळं यात येतं. संगणक आणि त्याचं सॉफ्टवेअर ४० टक्के. फर्निचर, रॅक, कटिंगचं टेबल, वायरिंग यांना १० टक्के. गाडीचा दर मात्र वापरावर ठरतो. स्वतःच्या चादरी-टॉवेल पोचवायला टेम्पो घेतला तर १५ टक्के. तोच टेम्पो भाड्याने फिरवण्याचा धंदा केला तर ३० टक्के. पंढरपूर-अक्कलकोटच्या भाविकांसाठी टॅक्सी चालवणाऱ्यालाही ३० टक्केच.

समजा, मार्केट यार्डातला माल भाड्याने नेण्यासाठी ६ लाखांचा टेम्पो जूनमध्ये रस्त्यावर आला. पहिल्या वर्षी घसारा १,८०,०००. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ४,२०,००० वर ३० टक्के, म्हणजे १,२६,०००. तोच टेम्पो नोव्हेंबरमध्ये आला असता तर पहिल्या वर्षी निम्माच, ९०,०००. खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला की दर अर्धा होतो. ३ ऑक्टोबर ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवसापर्यंत वापर सुरू झाला तर पूर्ण दर, नंतर झाला तर अर्धा.

मालवाहू गाडीवाल्यांना कलम ४४एई चीही वाट आहे. दहा गाड्यांपर्यंत, छोट्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न दाखवायचं. म्हणजे वर्षाला ९०,०००, आणि घसारा त्यातच. हप्त्यांतलं व्याज, डिझेल आणि घसारा जाऊन खरा नफा त्याहून कमी राहत असेल तर वह्यांचा खटाटोप परवडतो.

टॉवेलचा नवा माग टाकणाऱ्या उत्पादकाला आणखी २० टक्के अतिरिक्त घसारा आहे, पण फक्त जुन्या कर रचनेत. जुनी रचना निवडायची तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा तिच्यातून बाहेर आलात की धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत परत जाता येत नाही. इचलकरंजीहून आणलेल्या सेकंडहँड मागाला हा जादा घसारा नाही, साधा १५ टक्के मात्र आहे.

सूट निसटते कुठे?

सगळ्यात जास्त नुकसान रोखीने होतं. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम वस्तूच्या किमतीत धरलीच जात नाही. सव्वा लाखाच्या जुन्या मशीनसाठी ४५,००० हातात मोजून दिले की घसारा उरलेल्या ८०,००० वरच. जुन्या मशीनच्या बाजारात रोखीचा आग्रह असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही विक्रेत्याला ‘दादा, खात्यावर पाठवतो’ म्हणा आणि त्याच्या पॅनसह साधी विक्री पावती लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, मशीन नुसतं आणून ठेवलेलं पुरत नाही. फेब्रुवारीत कारखान्यात आलं, महावितरणचं कनेक्शन एप्रिलमध्ये मिळालं, तर त्या आर्थिक वर्षाचा घसारा शून्य. वापर सुरू होईपर्यंतचं कर्जाचं व्याज मशीनच्या किमतीत मिळवायचं, त्यानंतरचं व्याज खर्चात टाकायचं. मुद्दल कधीच खर्च नसतं.

अनुदानाची गफलत तर फार दिसते. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान मिळालं असेल, तर मशीनसाठी आलेला भाग किमतीतून वजा करावा लागतो. जीएसटीचंही तसंच. खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या जीएसटीतून वळता करून घेतलात, म्हणजे टॅक्स क्रेडिट घेतलंत, तर त्या रकमेवर घसारा नाही. मालवाहू गाडीवर क्रेडिट मिळतं, साध्या कारवर सहसा मिळत नाही. मग कारचा जीएसटी किमतीतच धरायचा.

घरी आणि धंद्यालाही वापरायची गाडी असेल तर धंद्याचा वाटाच घ्यायचा. ९५,००० ची स्कूटर ७० टक्के धंद्यासाठी फिरत असेल तर १५ टक्क्यांचे १४,२५० होतात, त्यातले ९,९७५ मागा. पेट्रोललाही तोच वाटा लावा. किलोमीटरची साधी वही ठेवलीत तर कुणी विचारल्यावर दाखवायला काहीतरी राहतं.

कागद आणि फॉर्म

विवरणपत्रासोबत कागद जोडायचे नसतात, पण नोटीस आली तर तेच लागतात. तुमच्या नावाचं पक्कं बिल, आरसी, परवाना, पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीचं पत्र आणि बँकेचा व्याजाचा दाखला, वीजजोडणीचा कागद, पहिल्या कामाचं बिल, अनुदान असेल तर त्याचं पत्र. गाडीच्या किमतीत शोरूमची किंमत, आरटीओचा कर आणि नोंदणी धरा. विमा वेगळा, तो त्या वर्षाचा खर्च.

वह्या ठेवणाऱ्यांचा फॉर्म आयटीआर-३. ठोक पद्धतीवाल्यांचा आयटीआर-४. आयटीआर-३ मध्ये यंत्रसामग्रीचं घसारा परिशिष्ट असतं. त्यात १५, ३०, ४० टक्क्यांचे वेगळे रकाने आहेत, आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापराची खरेदी निराळी लिहायची. एका दराची सगळी मशीनं एकाच गटात जातात. त्यातलं एक विकलं तर विक्रीची रक्कम गटातून वजा होते. वह्यांमध्ये धरलेला घसारा धंद्याच्या परिशिष्टात परत मिळवून आयकराच्या दराने काढलेला वजा करायला विसरू नका. स्वतः भरणाऱ्यांची चूक बहुतेक इथेच होते आणि घसारा दोनदा लागतो.

भरून झाल्यावर आधारच्या ओटीपीने ३० दिवसांत पडताळणी करा. उशीर झाला तर पडताळणीची तारीखच विवरणपत्राची तारीख धरतात, आणि ती मुदतीबाहेर गेली की तोटा पुढे नेण्याचा हक्कही जातो.