चौकटीची तर्ककोडी : वर्गात गटाने सोडवणे

व्यक्ती, वस्तू, स्थळे यांची एकास एक जुळणी दिलेल्या सूचनांवरून शोधायची आणि जे कळेल ते आडव्या-उभ्या रकान्यांच्या चौकटीत फुली किंवा बरोबरची खूण करून मांडायचे, या प्रकारच्या कोड्यांना चौकटीची तर्ककोडी म्हणतात. यात अंदाज चालत नाही. प्रत्येक खूण आधीच्या विधानांतून अटळपणे निघावी लागते, म्हणून निगामी तर्काच्या, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निश्चित निष्कर्ष काढण्याच्या, सरावासाठी ती वर्गात वापरतात. एकट्याने सोडवायचे हे कोडे गटाला दिले, की त्याचे स्वरूपच बदलते.

चार जणांच्या गटासाठी एक छोटे कोडे घेऊ. आरती, सलमा आणि दीपक यांच्या डब्यांत पोहे, उपमा आणि थालीपीठ आहे. एकजण एसटीने, एकजण सायकलने आणि एकजण पायी येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला एकच चिठ्ठी मिळते. १) पोह्यांचा डबा एसटीने येतो. २) सलमा एसटीने येत नाही. ३) दीपक पायी येतो. ४) थालीपिठाचा डबा सायकलवरून येत नाही. चिठ्ठी वाचून दाखवायची, पण हातची सोडायची नाही, हा नियम. त्यामुळे हुशार मुलगा सगळ्या चिठ्ठ्या ओढून घेऊन एकटाच उत्तर काढतो, असे होत नाही.

एकूण शक्यता ३६. मोठ्या चौकटीत व्यक्ती-डबा, व्यक्ती-प्रवास आणि डबा-प्रवास अशा तीन छोट्या चौकटी, त्यांतली घरे मिळून २७. एका ओळीत दोन फुल्या पडल्या की उरलेले घर बरोबर, हे मुलांना लगेच जमते. सलमा आणि दीपक एसटीने येत नाहीत, म्हणजे आरती एसटीने येते आणि सायकल सलमाची. अडते ते फुली एका छोट्या चौकटीतून दुसरीत नेताना. दुसऱ्या चिठ्ठीत डब्याचे नावही नाही, तरी पहिलीशी जोडली की सलमाकडे पोहे नाहीत हे ठरते. हे कोणा एकाच्या चिठ्ठीत लिहिलेले नसते, दोघांच्या बोलण्यातूनच ते उमटते. गटकामाचे खरे मोल इथे आहे, आणि शिक्षकाने इथे घाई करू नये. पुढे चौथ्या चिठ्ठीने सलमाला उपमा मिळतो, आरतीला पोहे आणि दीपकला थालीपीठ.

गटात मतभेद झाला तर हात वर करून निर्णय घ्यायचा नसतो. तिघांना पटलेली फुलीसुद्धा कारणाशिवाय चूकच. प्रत्येक खुणेशेजारी चिठ्ठीचा क्रमांक लिहिण्याची सवय फार उपयोगी पडते. शेवटी विसंगती निघाली तर सगळे खोडावे लागत नाही, चुकलेल्या पायरीपर्यंत मागे जाता येते. पेन्सिल ज्याच्या हाती असेल त्याने इतरांनी कारणासह सांगितलेलेच लिहावे, आणि पेन्सिल फिरती ठेवावी.

माहिती वाटून देऊन परस्परांवर अवलंबून राहायला लावणारी ‘जिगसॉ’ वर्गपद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे, वांशिक विलगीकरण संपवताना वर्गांत उद्भवलेला तणाव कमी करण्यासाठी सुरू केली. चिठ्ठ्यांची रीत त्याच विचाराच्या जवळची आहे. तर्क खेळातून शिकवण्याचा प्रयत्न त्याहून जुना : ‘ॲलिस इन वंडरलँड’चे लेखक लुइस कॅरोल यांनी १८८० च्या दशकात पट आणि रंगीत सोंगट्यांचा असा खेळ मुलांसाठी तयार केला होता.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले ‘झेब्रा कोडे’ १७ डिसेंबर १९६२ च्या ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आले. पाच घरे, पंधरा विधाने आणि २,४८८ कोटींहून अधिक शक्यता. ते आइन्स्टाइन यांनी लहानपणी रचले असे सांगतात, पण त्याला पुरावा नाही. कोड्यात नाव असलेल्या ‘कूल’ सिगारेटी तर १९३० च्या दशकातल्या, म्हणजे त्यांच्या बालपणानंतरच्या आहेत.

महाराष्ट्रात शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीमुळे आणि पुढे बँकांच्या परीक्षांतील बैठकव्यवस्थेच्या प्रश्नांमुळे असे तर्क ओळखीचे असतात. तिथे घड्याळ लावून, एकट्याने आणि पर्याय तपासत उत्तर काढायचे असते. गटात मात्र ‘कशावरून?’ या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावे लागते.

मराठीत कोडे रचताना एक काळजी घ्यावी लागते. ‘पोहे आणणारा एसटीने येतो’ असे लिहिले तर शब्दाच्या लिंगावरूनच मुले आरती आणि सलमाला वगळतात, आणि इथे कोडे चुकतेच. ‘पोहे आणणारी’ लिहिले तर दीपक आयताच बाद होतो. म्हणून वरच्या चिठ्ठीत डबा एसटीने येतो. मुलांनी स्वतः कोडी रचून दुसऱ्या गटाला दिली, की अशा फटी त्यांनाच सापडतात, आणि एखाद्या कोड्याला दोन उत्तरे निघाली तर नवी चिठ्ठी कोणती जोडावी याची चर्चा वर्गात सुरू होते.