मोबाइल फोन आणि आरोग्य (कोकण किनारपट्टी)

मोबाइल फोन म्हणजेच भ्रमणध्वनी वापरल्याने शरीराला होऊ शकणारे अपाय आणि ते टाळण्याची रीत यांचा विचार या नोंदीत कोकणापुरता केला आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत फोन तेच आणि कंपन्याही त्याच. पण डोंगर, खाड्या, चार महिन्यांचा पाऊस आणि मुंबईत असलेली निम्मी भावकी यांमुळे इथली वापरण्याची तऱ्हा वेगळी आहे, त्यामुळे धोक्यांचा क्रमही वेगळा लागतो. गावात धास्ती असते ती टॉवरची. इजा होते ती मात्र बहुधा ओल्या बटनाजवळ, घाटातल्या वळणावर किंवा अंथरुणात.

फोन रेडिओ लहरींवर चालतो. या लहरींच्या एका कणातली ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या कणापेक्षाही लाखपटीने कमी असते. त्यामुळे क्ष-किरणांप्रमाणे त्या पेशीतल्या रेणूंची मोडतोड करू शकत नाहीत. शास्त्रीय भाषेत त्या ‘अनायनीकारक’ आहेत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊतींना किंचित ऊब येणे. तासभर बोलल्यावर कान तापतो, तो बराचसा बॅटरीने आणि फोन गालाला दाबून धरल्याने. शरीरात शोषल्या जाणाऱ्या या ऊर्जेचे माप म्हणजे एसएआर. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून त्याची कमाल मर्यादा एक ग्रॅम ऊतीमागे सरासरी 1.6 वॅट प्रतिकिलो अशी आहे. स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबले की बहुतेक फोनांवर हा आकडा दिसतो. तो प्रयोगशाळेत, फोन पूर्ण ताकदीने चालवून काढलेला असतो. रोजच्या वापरात फोन किती जोर लावतो हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते, आणि कोकणात खरी मेख इथेच आहे.

रेंज. टॉवर जवळ असेल तर फोन हळू आवाजात बोलतो, लांब असेल तर ओरडतो. आजचे फोन आपली शक्ती गरजेप्रमाणे हजारपटीहूनही अधिक फरकाने कमी-जास्त करू शकतात. कोकणातली गावे बहुतेक खोलगटात, नदीच्या किंवा खाडीच्या कडेला वसलेली. टॉवर असतो तो सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, किंवा हमरस्त्याला. मधे डोंगराची सोंड. त्यात घर जांभ्याच्या जाड भिंतींचे, आणि पावसाच्या झडीसाठी पडवीपुढे पत्र्याची शेड. पत्रा लहरी परतवतो, ओली भिंत त्या शोषते. म्हणून माजघरात एक कांडी, खळ्यात दोन आणि माडाच्या बुंध्याशी तीन, असा हिशोब घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. 2020 च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजची मुले वर्गासाठी डोंगरावर खोपी बांधून बसली, तीही याच कारणाने.

एका कांडीवर फोन कानाला लावून अर्धा तास बोलणे म्हणजे त्या फोनची कमाल शक्ती डोक्याशी धरणे. जुन्या टूजी फोनांत 900 मेगाहर्ट्झ पट्ट्यात ही कमाल दोन वॅट असे (लहरी सलग न जाता तुटक ठोक्यांनी जात असल्याने सरासरी त्याच्या अष्टमांश). फोरजी फोनांत ती साधारण 0.2 वॅट असते. दोन्ही मर्यादेतच बसते. तरी ज्याला ही मात्रा कमी करायची आहे त्याने अंतर वाढवावे, कारण काही सेंटिमीटर दूर गेले तरी मात्रा झपाट्याने घटते. या बाबतीत गावातल्या म्हाताऱ्या कोणत्याही पत्रकाच्या पुढे आहेत. फोन स्पीकरवर टाकून तो आरतीच्या ताटासारखा समोर धरायचा आणि अख्ख्या वाडीला कळेल अशा बेताने ‘ऐकाक येता मां रे?’ विचारायचे. मुंबईचा मुलगा वैतागतो, पण लहरींच्या हिशोबाने आजीचेच बरोबर. वायरचा हेडफोन लावला तरी हेच साधते.

टॉवरविषयीची समजूत. टॉवरला विरोध आणि रेंज नसल्याची तक्रार, कधीकधी दोन्ही अर्जांवर सह्या त्याच माणसांच्या. टॉवरवरचे अँटेने शक्ती बाहेरच्या बाजूला, जवळजवळ आडवी आणि किंचित खाली झुकलेली फेकतात. त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी ती तुलनेने क्षीण असते. शिवाय ती शेकडो मीटर पसरत येते, तर फोन कातडीला चिकटलेला. टॉवर गावाजवळ आला की हातातल्या फोनचा जोर उतरतो, म्हणजे डोक्याला मिळणारी एकूण मात्रा सहसा घटते, हे ऐकणाऱ्याला उलटे वाटते पण तसे आहे. भारताने 2012 मध्ये टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली; 900 मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट ठरली. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर (2017) आपल्या परिसरातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. ‘टॉवर आला नि माडांना नारळ धरेनासे झाले’ हे तर प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. इरिओफाइड कोळी ही बारीक कीड, सोंड्या भुंगा आणि लांबलेला उन्हाळा हे नारळ गळण्याचे जुने हक्कदार आधी तपासावेत.

कर्करोगाचा प्रश्न. मे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘2ब’ गटात घातले: ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’. हे वाक्य व्हॉट्सॲपवर अजून फिरते आहे, बहुतेकदा ‘शक्यता’ हा शब्द गाळून. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. पूर्व आशियातल्या पारंपरिक आंबवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. वर्गीकरणाला मोठा आधार होता तो 13 देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाचा (2010). त्यात एकूण वापराने मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. फक्त सर्वाधिक, म्हणजे आयुष्यात 1,640 तासांहून जास्त बोललेल्या दहा टक्क्यांत ग्लायोमा (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) सुमारे 1.4 पट आढळला. पण जुने कॉल आठवून सांगण्यात होणाऱ्या चुकांमुळे संशोधकांनीच त्यावरून कार्यकारण ठरवले नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगात (अहवाल 2018) उंदरांना दिवसाला नऊ तास, दोन वर्षे अशा लहरींत ठेवले, तेव्हा नर उंदरांच्या हृदयात काही गाठी सापडल्या. तेच उंदीर लहरींविना ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले, हेही त्याच अहवालात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 2024 च्या व्यापक आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. फोन घरोघर पोहोचून पंचवीस-तीस वर्षे झालेल्या नॉर्डिक देशांतही गाठींच्या नोंदी त्या मानाने चढलेल्या नाहीत.

पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र फोन त्यापासून 15 सेंटिमीटर तरी दूर ठेवावा, म्हणजे सदऱ्याच्या डाव्या खिशात नको.

पाऊस, वीज आणि चार्जर. जूनपासून भिंतींना ओल धरते, अर्थिंग कित्येक जुन्या घरांत नावापुरते, आणि लाइट येते-जाते. अशात भाताच्या खाचरातून येऊन ओल्या हाताने चार्जर लावणे, किंवा चार्जिंगला लावलेलाच फोन कानाला धरणे हा सगळ्या नोंदीतला सर्वांत खरा धोका आहे. हलक्या, बिनछापाच्या चार्जरमध्ये 230 व्होल्ट आणि फोन यांमधले विलगन, म्हणजे दोन्ही वेगळे ठेवणारी आड, कच्चे असते. ते फुटले की तो दाब थेट हातात येतो. खाऱ्या हवेने चार्जिंगचा पॉइंट हिरवट होतो, तिथे गरम होते. लिथियम बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले तर फोन तिथल्या तिथे बंद करावा. तो दाबून बसवू नये, टोचू तर मुळीच नये. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरणे हा घरगुती उपाय फारसा कामाचा नाही. तांदळाची भुकटी पॉइंटमध्ये बसते. वाऱ्यावर उघडा ठेवलेला बरा.

मोबाइल वीज ओढून घेत नाही. कडकडाटात उघड्यावर बोलणारा माणूस मरतो तो उघड्यावर असल्याने. मात्र घरात चार्जरच्या वायरीला जोडलेला फोन त्या वेळी हातात नसावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात हाच फोन जीव वाचवूही शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप (2020) जवळपासच्या विजेची आगाऊ सूचना देते.

अपघात. घाटात एका हाताने हँडल आणि खांद्यात दाबलेला फोन, हे दृश्य नवे नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून गाडी चालवणे हे ‘धोकादायक चालवणे’ ठरते. दंड 1,000 ते 5,000 रुपये, शिवाय कैदही होऊ शकते. हँड्सफ्रीने हात मोकळे होतात, लक्ष होत नाही. पावसाळी समुद्राकडे पाठ करून खडकावर सेल्फी काढणाऱ्याला मागून येणारी लाट दिसत नाही. त्या खडकावरचे शेवाळ स्थानिक माणूस पायाने ओळखतो, पाहुणा ओळखत नाही.

डोके सरळ असताना मानेवर साडेचार-पाच किलोंचा भार असतो. साठ अंशांत वाकवले की एका गणितानुसार तो 27 किलोंच्या आसपास भरतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती तिथल्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाला सूज आल्याने. रात्री उशाशी उजळणारा पडदा झोप आणणारे संप्रेरक मेलाटोनिन लांबवतो, पण त्याहून जास्त झोप खातात ते संपेनासे व्हिडिओ. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. मऊभाताचा घास भरवताना समोर फोन उभा करणाऱ्या घरांना हे कठीण जाते, आणि त्या घरांत बहुधा हाताखाली दुसरे माणूस नसते.

समुद्रावर. टूजीची रचनाच अशी की 35 किलोमीटरपलीकडे जोडणी सहसा होत नाही, मग टॉवर कितीही उंच असो. त्या हद्दीजवळ फोन सतत शोध घेत राहतो, बॅटरी दुपारीच बसते. म्हणून किनारा मावळला की जाणते खलाशी फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर लावून केबिनमध्ये टांगतात आणि बोलणी वायरलेसवर चालतात. परतीला दीपगृह दिसू लागले की पिशवी उघडते. आधी भाव विचारला जातो, मग घर.