क्रॉसओव्हर पाईप : 'एच' की 'एक्स', त्याआधीचा घोळ

चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या जड व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) मोटरसायकली आणि क्वचित दिसणारी एखादी व्ही-८ (आठ सिलिंडरची) गाडी यांच्यामुळे धुराचे दोन पाईप कोणत्या आकाराच्या तुकड्याने जोडायचे, म्हणजे 'एच टाकू की एक्स?', हा प्रश्न आता बेळगावच्या उद्यमबागेतही ऐकू येतो. पण विचारणारा आणि पाईप वाकवणारा एकाच वस्तूबद्दल बोलतायत, असं नेहमीच नसतं.

क्रॉसओव्हर म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी (शोरूममधली उंच गाडी ही चौथी, ती सोडा). एकच सायलेन्सर असलेल्या जुन्या अमेरिकन व्ही-८ मध्ये एका बाजूचा धूर दुसऱ्या बाजूला नेणारा पाईप, हा पहिला. थंडीत पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून कार्ब्युरेटरखालून गरम धूर फिरवणारी इनटेक मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना मिश्रण पोचवणाऱ्या भागातली) वाट, हा दुसरा. दोन स्वतंत्र पाईप जोडणारा तुकडा, हा तिसरा. एच (दोन पाईपांमधली आडवी नळी) आणि एक्स (दोन पाईप एकमेकांना छेदतात तो जोड) यातच येतात. 'क्रॉसओव्हर बंद करा, ताकद वाढेल' हा जुना सल्ला दुसऱ्या प्रकारासाठीचा. वाट बंद केली की आत जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण थंड राहतं, म्हणून. आपल्याकडे तो तिसऱ्या प्रकाराला लावतात आणि चांगला जोडपाईप कापून पुंगळ्या मोकळ्या करतात. मग पहिल्याच चढाला गाडी रडते.

व्ही-ट्विनला हे जास्त जाणवतं. दोन सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन असलेल्या इंजिनात दोन स्फोटांमधलं अंतर क्रँकच्या फिरण्यात मोजलं तर ३१५ आणि ४०५ अंश, म्हणजे मुळातच लंगडी चाल. कंपनीचा जोड काढला की आवाज वाढतो, कमी आरपीएमची ताकद बहुधा घटते. क्रॉसप्लेन (ज्याच्या क्रँकचे खटके अधिकच्या चिन्हासारखे असतात अशा) व्ही-८ मध्ये स्फोट दर ९० अंशांनी होतो, पण एकाच बाजूच्या चार सिलिंडरांचं बघितलं तर क्रम ९०, १८०, २७०, १८०. ती गुरगुर इथूनच येते. एच ती खर्जात ठेवतो. एक्स दोन्हीकडच्या लाटा मिसळून आवाज चढा आणि गुळगुळीत करतो, फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला. घाटात चालवणाऱ्याला एच पुरे, असं माझं मत.

अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे डबे) आले, बऱ्याच व्ही-८ गाड्यांच्या दोन्ही बाजू एकाच कन्व्हर्टरात गेल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या जोडाचं कामच उरलं नाही. दुहेरी पाईप १९८० च्या दशकात परतले, एक्सचा बोलबाला त्यानंतरचा.

एचची जागा ठरवायची जुनी युक्ती म्हणजे पाईपला रंग फासून इंजिन ताणायचं आणि रंग जळणं जिथे थांबतं तिथे जोड द्यायचा. २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण-नियमांनंतर कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून आला, त्यामुळे जोड त्याच्या मागेच द्यावा लागतो, रंग कुठेही जळो.